परत-सांग बाई

"ती पिशवी उचल आधी! उचल म्हणतंय मा! हयसर चेडू विवळता आणि तू माका इसवण दाखवतंस? भायर ने ती!"

मसुरकरबाई ओरडत होत्या. आता मसुरकरबाई ओरडणं ही काही बातमी नव्हे. आमच्या किनाऱ्यावरच्या सरकारी रुग्णालयात त्या अपघात विभागाच्या डॉक्टर. त्यांनी "सलाइन!" म्हटलं की बंदरावरच्या होड्या नांगर तोडून निघायच्या आणि खाडीपलीकडचे कुत्रे शेपूट घालून घरात शिरायचे. मी रुग्णवाहिकेचा ड्रायव्हर. माझ्या गाडीचा सायरन बिघडला होता तेव्हा मी बाईंना गाडीत घेऊन जिल्ह्याला, ओरोसपर्यंत गेलोय, आणि समोरच्या एसटीने बाजू दिलीय. खोटं वाटत असेल तर एसटीवाल्याला विचारा.

पण त्या ऑगस्टच्या सकाळी कॅज्युअल्टीत सगळे गार पडले, कारण बाई ज्याच्यावर ओरडत होत्या तो दाजी होता. दाजी टेम्पोवाला. बंदरावरची मासळी बाजारात नेणारा. त्याच्यावर आमच्याकडे कोणीही, कधीही ओरडलं नव्हतं. उलट तो आला की गावडे सिस्टर स्वतः चहा ठेवायची. आणि ती इसवणाची, म्हणजे सुरमईची, पिशवी टेबलाखाली ठेवण्याची पद्धत तर इतकी जुनी की तिथल्या फरशीला मासळीचा वास कायमचा लागला होता.

दाजी हे त्याचं खरं नाव नाही. आणि पलंगावरच्या त्या चेडवाचं, म्हणजे मुलीचं, नाव तर मी सांगणारच नाही. कायदा नको म्हणतो, बाईही नको म्हणायच्या. तेवढ्या दोन गोष्टी मी लपवतोय. बाकी जिथे वाढवून सांगेन तिथे तुम्हाला कळेलच.

तर आधी बाई कोण ते सांगतो, नाहीतर तो आरडाओरडा कसला होता ते समजणार नाही.

बाई मूळच्या मसुऱ्याच्या. शिकायला कोल्हापूर, मुंबई सगळं करून परत इकडेच आल्या. उंची म्हणाल तर टेबलावर ठेवलेल्या कळशीएवढी. वजन त्याच्या निम्मं. आणि अंगात पारा. बाई बसलेल्या मी पाहिलेल्या नाहीत. त्यांच्या खुर्चीवरचं प्लास्टिक दुकानातून आलं तसंच होतं. चहा चालत प्यायच्या, डबा उभ्याने खायच्या, आणि फोनवर बोलताना या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत अशा फिरायच्या की फरशीवर पायवाट पडली होती. मी एकदा त्या पायवाटेवर पाय अडखळून पडलोय.

त्यांचं नाव पडलं होतं 'परत-सांग बाई'. पेशंट आला की आमच्याकडे एकटा येत नाही. नारळाच्या झाडावरून एक माणूस पडला की टेम्पोत अख्खी वाडी चढते. त्यात ज्याने पडताना पाहिलं तो, ज्याने आवाज ऐकला तो, ज्याचं झाड तो, आणि ज्याचा काही संबंध नाही पण बाजारात जायचंच होतं तोही. बाई पहिल्यांदा मला हाक मारायच्या, "बाबल, शेळ्यो हाकल!" मी दाराएवढा रुंद असल्यामुळे ते काम माझ्याकडे. सगळे बाहेर गेले की त्या एकेकाला आत घ्यायच्या आणि विचारायच्या, "काय झाला?" तो सांगायचा. बाई नाडी बघायच्या, बॅटरी डोळ्यांत मारायच्या, आणि पुन्हा, "काय झाला म्हणालंस? परत सांग." तो परत सांगायचा. टाके घालता घालता पुन्हा, "माझ्या डोक्यात काय रवणा नाय रे. परत सांग बघया."

लोकांना वाटायचं बाईंना विसरायचा आजार आहे. एका म्हाताऱ्याने तर त्यांना ब्राह्मीचं तेल आणून दिलं. बाईंनी ते मुकाट घेतलं आणि दुसऱ्या दिवसापासून मला डोक्याला लावायला लावलं.

एकदा एक जण रक्तबंबाळ होऊन आला. म्हणाला, आंब्यावरून पडलो. दुसऱ्यांदा म्हणाला, फांदी मोडली. तिसऱ्यांदा विचारल्यावर म्हणाला, "फांदीच्या मागसून म्हस इली." बाईंनी सुई हातात धरूनच विचारलं, "म्हस आंब्यार चढलेली? मेल्या, पिऊन मोटारसायकल चालवलंस ता सांग, भुलीचा औषध ठरवचा आसा माका!" बाहेर उभी असलेली वाडी हसली आणि त्या माणसाची बायको आत येऊन त्याला मारू लागली. तेव्हा बाई मला म्हणाल्या, "बघ बाबल. खरी गजाल परत सांगताना वाढता. माणसाक आणखी आठावता. खोटी गजाल वाढणा नाय, बदलता."

मी म्हटलं, "बाई, माझी गोष्ट तर वाढतेही आणि बदलतेही."

"म्हणानच तुका आधी आत घालूक होयो," बाई म्हणाल्या.

पण हे मोठ्या माणसांचं झालं. पोर आलं की बाईंचा रंगच वेगळा. आवाज तोच, पण डोळे वेगळे. पोराला आणणारा माणूस बोलत असताना बाई त्याच्याकडे बघायच्याच नाहीत, पोराकडे बघायच्या. आणि पोराला एकदाच विचारायच्या. फक्त एकदा. मी विचारलं, असं का? तर म्हणाल्या, "पोराक परत परत इचारलंस तर ताका वाटता आपला काय तरी चुकला. मगे ता तुका होया तसा सांगता."

सुरुवातीला आम्हाला हे सगळं अति वाटायचं. गावडे सिस्टर एकदा बोलली, "बाई, ही मारहाण, हयगय, असला सगळा मुंबयक. आपल्याकडे असला काय नसता."

बाई चालता चालता थांबल्या. "आपल्याकडे पोरां नाय काय गो?"

त्यानंतर दर आठवड्याला दुपारी, गर्दी ओसरली की, वर्ग सुरू झाला. सिस्टर, मदतनीस, आम्ही ड्रायव्हर, कोणालाही सुटका नाही. आणि वर्गाचा फळा कोण? मी! बाईंनी मला बनियनवर स्टुलावर बसवलं आणि जखमेला लावायचं ते जांभळं औषध घेऊन माझ्या अंगावर चित्रकला केली. कपाळ, हनुवटी, कोपर, गुडघे, नडगी. इथे जांभळे ठिपके. "पोर पडला की हयसर लागता. पुढे धावता, पुढे पडता." मग माझे कान, मान, पोट, पाठ, मांडीची आतली बाजू. तिथे मोठ्या फुल्या. "हयसर लागला तर आपण थांबायचा. थांबायचा म्हणजे आरोप नाय करूचो. इचार करूचो. ज्या पोराक अजून चालूक येणा नाय, ता आपणच जावन खंय आपटला, ता इचारूचा. जखम कालची आणि आणला आज, तर मधी कोण कोणाची वाट बघी होता, ता इचारूचा."

मी घरी गेलो तेव्हा बायको किंचाळली. ते औषध पुढच्या अमावस्येपर्यंत गेलं नाही. समुद्रात उतरलो तर मासे वळून लांब गेले. तीन गावच्या पोरांनी मला बघून शाळा सोडली.

हसू नका. त्या फुल्यांनी आम्ही बदललो. पेशंट गाडीत घेताना माझी नजर आपोआप फिरायची. घर कसं आहे, पोराला कोण उचलतंय, कोणी उचललं की ते रडायचं थांबतं आणि कोणी उचललं की आधीच थांबलेलं असतं. पण बाई आम्हाला दुसऱ्या बाजूनेही बदडायच्या. काजूच्या कारखान्यात जाणारी एक बाई पोराला घेऊन आली, त्याला डोक्यापासून पायापर्यंत खरूज. सिस्टर तोंड वाकडं करून म्हणाली, "बघा, लक्षच नाही." बाईंनी त्या आईचे हात पुढे धरले, तिच्याही बोटांच्या बेचक्यात खरूज. "हिका स्वतःकडे बघूक तरी वेळ आसा काय? ह्येका हयगय म्हणतंस? ह्येका दोघांका मलम लावूचा म्हणतत." आणि नांदेडहून एक नवा डॉक्टर आला होता, पोरगेलासा. उन्हाळ्यात एका मुलाच्या ओठांवर, बोटांवर काळे गोल डाग बघून तो थरथर कापायलाच लागला. "मॅडम, चटके दिलेत! पोलिसांना फोन करू?" बाई एवढ्या हसल्या की त्यांना भिंत धरावी लागली.

कारण ते काजू होते. आमच्याकडे चैत्र-वैशाखात पोरं रानात ओल्या बिया भाजतात. टरफलातलं तेल फुटून उडतं, जिथे लागेल तिथे कातडी काळी पडते आणि मग सोलवटते. आम्ही म्हणतो, 'काजू उतलो'. त्या दिवसांत आमची निम्मी पोरं ठिपक्यांची फिरतात. बाईंनी त्या नांदेडच्या डॉक्टरला स्वतःच्या पैशाने काजू भाजायला नेलं. तो दुसऱ्या दिवशी नाकावर डाग घेऊन कामावर आला. तेव्हापासून आम्ही सगळे तयार झालो. काळा डाग दिसला की, काजू. बघायचीसुद्धा गरज नाही.

आता दाजी.

दाजीबद्दल मी जे सांगेन त्यात एक तसूभर वाढवत नाही, कारण वाढवायची गरजच नाही. हमरस्त्यावर गाडी उलटली की पहिला पोचायचा तो त्याचा टेम्पो. मासळीच्या टोपल्या रस्त्यावर उतरवून माणसं आत घ्यायचा. माझी गाडी दुसरीकडे अडकली असली की आम्हीच त्याला फोन करायचो. एका अपघातात त्याच्या टेम्पोची बैठक रक्ताने भिजली, तर दुसऱ्या दिवशी समुद्रावर ती धूत असताना मी त्याला विचारलं, "किती खर्च इलो?" म्हणाला, "माणूस वाचलो मा? मगे झाला." बाईंनी ते ऐकलं होतं. बाई त्याला 'आमचो अर्धो डॉक्टर' म्हणायच्या.

त्याची बहीण गोव्याला एका हॉटेलात स्वयंपाकघरात कामाला. नवरा वारलेला. तिची सहा-सात वर्षांची मुलगी दाजीकडे. भाचीला सांभाळतो, हेही लोक कौतुकाने सांगायचे.

तर एप्रिलात दाजी त्या चेडवाला घेऊन आला. मनगटावर आणि हाताच्या मागच्या बाजूला काळे गोल डाग, एक पिकलेला. कॅज्युअल्टी भरलेली. बाई चालता चालता थांबल्या, हात बघितला आणि म्हणाल्या, "काजू भाजलंस मा गो?"

मुलीने दाजीकडे बघितलं. मग मान हलवली.

"आणि माका एकय ठेवलंस नाय!" बाई हसल्या, मलम दिलं, गोळी दिली, पुढे गेल्या. त्या दिवशी त्यांनी 'परत सांग' म्हटलं नाही. दाजीला काय परत सांगायला लावायचं? तो तर आमचा अर्धा डॉक्टर. आणि ते डाग तर काजूचे. दोन्ही गोष्टी आम्हाला आधीच माहीत होत्या. मी दारात उभा होतो, मलाही माहीत होत्या.

आता त्या ऑगस्टच्या सकाळकडे येतो.

दाजी भाचीला टेम्पोतून घेऊन आला. उजवा हात कोपराखाली सुजून दुधीसारखा झालेला. मुलगी विवळत होती, पण रडत नव्हती. त्याने तिला पलंगावर ठेवलं, इसवणाची पिशवी टेबलाखाली सारली आणि म्हणाला, "बाई, पायरीर शेवाळ, घसरला चेडू. प्लास्टर घाला, माका बंदरार जावचा आसा."

बाईंनी सूज दाबून बघितली. "आता पडला?"

"आता. सकाळी."

"ही सूज सकाळची नाय, दाजी."

"मगे काल संध्याकाळी असात. माका काय, मी घराक नव्हतंय."

बाईंनी त्याच्याकडे बघितलं नाही. सिस्टरला म्हणाल्या, फ्रॉकची बाही काप, हात काढता येणार नाही. सिस्टरने कात्री लावली. कापड जुनं, बाहीबरोबर पाठीपर्यंत उसवत गेलं. आणि पाठ दिसली. दोन्ही खांद्यांच्या मधोमध, जिथे माणसाचा स्वतःचा हात पोचत नाही तिथे, गोल डाग. काही जुने, पांढरे पडलेले. काही अजून ताजे.

सिस्टर सवयीने बोलून गेली, "काजू उतलेलो दिसता."

बाहेर ऑगस्टचा पाऊस कोसळत होता. रानात काजूच्या झाडावर पानांशिवाय काही नव्हतं.

बाई गप्प झाल्या. मी इतकी वर्षं बाईंचा आवाज ऐकला, त्याला कधी घाबरलो नाही. त्या गप्प बसण्याला घाबरलो. मग त्या अगदी हळू म्हणाल्या, "पाठीर काजू कोण भाजता गो, सिस्टर?"

आणि दाजी, काहीतरी बोलायला हवं म्हणून, वाकला, ती पिशवी बाहेर काढली आणि म्हणाला, "बाई, आज इसवण एकदम ताजो आसा हां."

तेव्हा बाई ओरडल्या. ते मी सुरुवातीलाच सांगितलं.

पिशवी बाहेर गेली. दाजी दारात थांबला. बाईंनी त्याला विचारलं, "काय झाला? परत सांग."

"सांगलंय मा? मेरेवरसून पडला, शेताच्या बांधावरसून."

"पायरी म्हणालेलंस."

"बाई," दाजीचा आवाज बदलला, "माका परत परत इचारतास? माका?"

"होय. तुका," बाई म्हणाल्या. "बाबल, ह्येका भायर बसव. जाऊक देव नको."

मी दाजीच्या खांद्यावर हात ठेवला. त्याच खांद्याला खांदा लावून आम्ही किती माणसं उचललेली. तो बाहेर बाकावर जाऊन बसला. मी दारात परत आलो.

आणि मग मी ते पाहिलं. बाई बसल्या. खुर्चीवर नाही, फरशीवर. पलंगाशेजारी, मुलीच्या डोळ्यांपेक्षा खाली. सिस्टरने त्या हाताला आधार बांधला, सुई दिली, दुखणं थोडं ओसरेपर्यंत बाई नुसत्या बसून राहिल्या. त्यांचे पाय मात्र बसल्या जागी हलत होते. मग म्हणाल्या, "तुका सांगूचा असात तर सांग. नको असात तर नको. आज तुका हयसरच रवचा आसा, ता ठरलाहा."

मुलीने दाराकडे बघितलं. मी दारात होतो, म्हणून बाजूला झालो. मग ती म्हणाली, "मी गोयाक आवशीक फोन लावा म्हणालंय म्हणान मामान हात ओढल्यान."

बाईंनी मान हलवली.

"आणि रडलंय तर विडी विझयता," मुलगी म्हणाली.

एवढंच. बाईंनी ते तिच्याच शब्दांत लिहायला सांगितलं, एक अक्षर न बदलता. पुन्हा विचारलं नाही. सिस्टरने लिहिलं, पण तिला मध्येच डोळे पुसावे लागले आणि कागद ओला झाला. बाई तिच्यावर ओरडल्या, "रडाचा आसा तर मागीर रड! आता लिही!"

त्यानंतर जे सुरू झालं ते मी आयुष्यात पाहिलेलं नाही. बाईंनी पोलिसांना फोन केला आणि बाल कल्याण समितीला कळवलं. ते कोणाच्या तरी कानावर गेलं आणि तासाभरात फाटकावर गाव. बंदरावरचे, बाजारातले, ज्यांना दाजीने वाचवलं होतं ते, त्यांचे भाऊ. एक जण कुबडी घेऊन आला होता. दाजीच्या टेम्पोतूनच तो पहिल्यांदा इथे आला होता. सगळ्यांचं एकच, चेडू त्याच्या ताब्यात द्या, प्लास्टर घालून घरी सोडा, घरातली गोष्ट घरात बघूया. पुढाऱ्यांचे फोन. वरून साहेबांचा फोन, की जरा सबुरीने घ्या. बाई भिंतीपासून भिंतीपर्यंत चालत होत्या आणि प्रत्येक फोनला तेच, "चेडू घराक जाणा नाय."

मी फाटकाला पाठ लावून उभा होतो. इथे मी सांगू शकलो असतो की मी एकट्याने दोनशे माणसं अडवली. पण मला फक्त तो कुबडीवाला आठवतो. तो मला म्हणाला, "बाबल, तू तरी सांग बाईक. दाजी तसो नाय. तुका ठाऊक आसा मा?"

तेवढ्यात बाई स्वतःच पायऱ्यांवर आल्या. पावसात, छत्रीशिवाय.

"तेणा तुका वाचवल्यान ता खरा," त्या कुबडीवाल्याला म्हणाल्या. "ता मी नाय म्हणतच नाय. ह्या पाठीरचे डागय खरे. दोनय खरे. एक खरा आसा म्हणान दुसरा पुसाचा, ता माझ्याच्यान होवचा नाय. आता घराक जावा, पाऊस लागता."

कोणी लगेच गेलं नाही. पण कोणी फाटकही ढकललं नाही.

पोलीस जमादार आला. तोही दाजीचा ओळखीचा, त्याचं तोंड उतरलेलं. बाईंनी त्याला सगळं सांगितलं, सूज, पायरी, मेर, पाठ. मग म्हणाल्या, "आणि बरव. एप्रिलात ह्या चेडवाच्या हातार असलेच डाग मी बघलंय. काजू समाजलंय. तेवा मी कपडे काढून बघूक नाय. परत इचारूक नाय."

जमादाराने पेन थांबवलं. "बाई, ता कित्याक? ता कोण इचारूचा नाय. तुमच्या अंगार येतला."

"बरव."

"बाई, तुमची नोकरी..."

"तेच्या वकिलान उद्या म्हटला, आधी कधी काय दिसाक नाय, तर? दिसलेला. माका दिसलेला. बरव म्हणतंय मा!"

त्याने लिहिलं.

मुलीची आई गोव्याहून आली ती हॉटेलचा निळा कोट अंगात तसाच ठेवून. बसमधून उतरून पावसातून धावत आली असावी, तिचे पाय चिखलाने भरलेले. ती मुलीच्या पलंगाजवळ गेली आणि नुसती उभी राहिली, हात लावायला घाबरत असल्यासारखी. मुलीने चांगला हात पुढे केला. मी तिथून निघालो. गाडी धुवायला घेतली. गाडी आधीच धुतलेली होती.

पुढचं थोडक्यात सांगतो. समितीने मुलीला आईकडेच दिलं, आईने गोव्यात खोली घेतली, तिकडच्या शाळेत घातलं. दाजीचा खटला चालू आहे. टेम्पो अजून बंदराजवळ उभा आहे, टायरांतून गवत आलंय. अपघात झाला की लोक अजून क्षणभर त्याच्याकडे बघतात. मीही बघतो. आणि चैत्र-वैशाखात रानातून भाजलेल्या काजूचा वास आला की आता तोंडाला पाणी सुटत नाही. मी गाडी थांबवतो, खिडकीतून पोरांना हाका मारतो, "काय रे, हात बघू! मान बघू! तू, पाठ फिरव!" पोरं मला वेडा समजतात. एकीच्या बापाने मला दगड मारला. बरोबरच केलं त्याने.

आणि बाई? बाईंनी जमादाराला लिहायला लावलेल्या त्या ओळीवरून चौकशी बसली. साहेब लोकांनी प्रश्न विचारले, बाईंनी उभ्याने उत्तरं दिली. शेवटी शिक्षा म्हणता येईना आणि बक्षीसही म्हणता येईना अशी बदली झाली, जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, डोंगराच्या पायथ्याशी. जाताना त्यांनी आमचा निरोप समारंभ करू दिला नाही. म्हणाल्या, "माका हार घालशात तर माझे दोन्ही हात अडाकतले." खुर्चीवरचं प्लास्टिक मात्र सिस्टरने कापून काढलं. आता नांदेडचा डॉक्टर तिथे बसतो. तोही फार वेळ बसत नाही.

मला त्या शेवटच्या भेटल्या ओरोसला. जिल्ह्यातल्या सगळ्या कॅज्युअल्टीतल्या डॉक्टर, सिस्टर, रुग्णवाहिकेवाल्यांचं प्रशिक्षण होतं, पोरांवरचे अत्याचार कसे ओळखायचे यावर. मोठा हॉल, पंखे, पडद्यावर चित्रं. बाई भिंतीला टेकून मागे उभ्या होत्या. मुंबईहून आलेले एक अधिकारी चांगले होते, नीट शिकवत होते. त्यांना कोणीतरी सांगितलं असावं. ते म्हणाले, "आपल्यातच अशा एक डॉक्टर आहेत, ज्यांनी सगळ्या गावाचा विरोध पत्करून एका मुलीला वाचवलं. मॅडम, पुढे या." टाळ्या झाल्या. मी सगळ्यात जोरात वाजवल्या, माझ्या शेजारच्याचा कान बसला.

बाई पुढे गेल्या नाहीत. जिथे होत्या तिथेच राहिल्या. मदतनीस माइक घेऊन त्यांच्याकडे धावला. बाईंनी तो हातात घेतला आणि या हातातून त्या हातात करत राहिल्या.

"मॅडम, आमच्या सगळ्यांसाठी सांगा," अधिकारी हसत म्हणाले. "ओळखलंत कसं?"

बाई म्हणाल्या, "उशिरा."